रचना आणि परिवर्तन यांची फारकत थांबवा: समाजशास्त्राच्या अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
समाजशास्त्राचा प्रथम वर्षाचा अभ्यासक्रम आखणाऱ्या अभ्यासमंडळांचे सर्व सन्माननीय सदस्य आणि पाठ्यपुस्तकांचे लेखक यांस

विषय: सामाजिक रचना आणि सामाजिक परिवर्तन या प्रकरणांची फेरमांडणी करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

समाजशास्त्राची ओळख करून देणारा कोणताही अभ्यासक्रम उघडला, तरी त्याची मांडणी बहुधा ठरलेली असते. आधी शास्त्राची व्याख्या आणि व्याप्ती, मग समाज, समुदाय, दर्जा, भूमिका, प्रमाणके (म्हणजे वागण्याचे समाजमान्य नियम), संस्था, सामाजीकरण, नियंत्रण, स्तरीकरण (म्हणजे समाजाची उच्च-नीच थरांत विभागणी), आणि सर्वांत शेवटी, सत्र संपत आलेले असताना, सामाजिक परिवर्तन. या शेवटच्या प्रकरणात परिवर्तनाची व्याख्या असते, वैशिष्ट्ये असतात, भौगोलिक, लोकसंख्याविषयक, तांत्रिक, आर्थिक आणि सांस्कृतिक अशी घटकांची यादी असते, आणि उत्क्रांती, चक्रीय व संघर्षवादी असे दोन-तीन सिद्धांत प्रत्येकी पानभर दिलेले असतात. मी अनेक वर्षे प्रथम वर्षाच्या वर्गांना हा विषय शिकवते आहे. या मांडणीतून विद्यार्थ्यांच्या मनात समाजाचे जे चित्र उभे राहते ते मुळातच चुकीचे आहे, अशी माझी खात्री झाली आहे, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

ते चित्र असे. समाज ही मुळात स्थिर गोष्ट असते, तिचे भाग आपापल्या जागी बसलेले असतात, आणि अधूनमधून बाहेरून एखादे यंत्र, एखादा कायदा किंवा एखादे युद्ध येऊन ते भाग हलवते. विद्यार्थी हे असे शब्दांत मांडत नाहीत, पण त्यांच्या उत्तरपत्रिकांतून ते स्पष्ट दिसते. कुटुंबसंस्थेवरच्या प्रश्नाला ते तिची कार्ये लिहितात, परिवर्तनावरच्या प्रश्नाला घटकांची यादी लिहितात, आणि एखाद्या समाजातील कुटुंबाचे स्वरूप का बदलले असे विचारले की त्याच यादीतले सर्व घटक क्रमाने उतरवतात. कोणत्या नात्यात काय बदलले, कोणी बदलले, कोणाच्या विरोधाला न जुमानता बदलले आणि इतकी वर्षे का बदलले नव्हते, हे प्रश्न त्यांना सुचतच नाहीत, कारण ते विचारण्याची जागा आपण अभ्यासक्रमात ठेवलेलीच नाही.

ही फारकत आली कुठून, हे आपणा सर्वांना माहीत आहे. ऑग्युस्त काँत याने १८३० ते १८४२ या काळात प्रसिद्ध केलेल्या आपल्या सहा खंडांच्या ग्रंथात नव्या शास्त्राला नाव दिले आणि त्याचे सामाजिक स्थितिशास्त्र व सामाजिक गतिशास्त्र असे दोन विभागही केले. समाज एकत्र कसा राहतो हे पहिल्याने सांगायचे आणि तो पुढे कसा जातो हे दुसऱ्याने. पुढे हर्बर्ट स्पेन्सरने समाजाची तुलना सजीव शरीराशी केली, तेव्हा अवयव आणि त्यांची कार्ये ही भाषा रूढ झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास टॅलकॉट पार्सन्सच्या १९५१ मधील मांडणीने समतोल ही समाजव्यवस्थेची स्वाभाविक अवस्था मानली, आणि पाठ्यपुस्तकांचा साचा त्या काळात जो ठरला तो बव्हंशी तसाच राहिला. मात्र खुद्द काँतने हे दोन विभाग अभ्यासाच्या सोयीसाठी केले होते. प्रगती म्हणजे सुव्यवस्थेचाच विकास, असे तो मानत होता. त्याने जोडून ठेवलेले आपण तोडले, आणि तोडलेला एक तुकडा सत्राच्या शेवटी ढकलला.

रचना म्हणजे काय, इथूनच सुरुवात करू. समाजात माणसे असतात, पण रचना माणसांची नसते. ती माणसांनी व्यापलेल्या स्थानांमधल्या संबंधांची असते. गेओर्ग झिमेलने १९०८ मध्ये केलेले विवेचन यासाठी आजही सर्वांत स्वच्छ वाटते. दोघांच्या गटातून एक जण निघून गेला की गटच उरत नाही, त्यामुळे प्रत्येकाला गटाचे ओझे स्वतःच्या खांद्यावर जाणवते. तिसरा आला की सगळे बदलते. आता दोघांचे बहुमत होऊ शकते, तिसरा मध्यस्थ होऊ शकतो, दोघांच्या भांडणाचा लाभ घेऊ शकतो, किंवा मुद्दाम भांडण लावून सत्ता गाजवू शकतो. या शक्यता त्या तिसऱ्या माणसाच्या स्वभावात नव्हत्या; त्या तीन या संख्येमुळे निर्माण झालेल्या नात्यांत होत्या. रचनेची कल्पना इतक्या थोडक्यात आणि इतक्या नेमकेपणाने दुसरीकडे क्वचितच समजते. आणि लक्षात घ्या, हे उदाहरण समजावून सांगताना आपण परिवर्तनाचेच उदाहरण देत असतो: एक माणूस वाढला आणि रचना पालटली.

दर्जा आणि भूमिका या जोडीचेही तेच. राल्फ लिंटनने १९३६ मध्ये दर्जाचे अर्पित (जन्माने मिळालेला) आणि अर्जित (स्वतः मिळवलेला) असे प्रकार सांगितले, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. पण त्याच विवेचनात त्याने भूमिकेला दर्जाची गतिमान बाजू म्हटले होते, या गोष्टीचा अर्थ उलगडून सांगणारे पाठ्यपुस्तक माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही. दर्जा हा हक्क आणि कर्तव्ये यांचा संच आहे. पण तो संच जिवंत राहतो तो कोणीतरी त्यानुसार वागत राहिल्यामुळे, आणि वागताना माणसे तो थोडाफार वाकवतात, ताणतात, कधी मोडतात. कारकुनाचे स्थान घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील कचेऱ्यांमध्ये हे स्थान पुरुषांचे होते आणि मालकाच्या शेजारी बसून व्यवसाय शिकण्याची, पुढेमागे भागीदार होण्याची ती एक वाट होती. कचेऱ्या मोठ्या झाल्या, कागदपत्रे वाढली, १८७० च्या दशकात टंकलेखन यंत्र बाजारात आले, शिकलेल्या स्त्रिया कमी वेतनावर उपलब्ध झाल्या, आणि दोन-तीन पिढ्यांत ते काम प्रामुख्याने स्त्रियांचे झाले. नाव तेच राहिले, पण वरच्या पायरीशी असलेले नाते तुटले. त्या जागेवरून मालकीपर्यंत जाण्याची वाट बंद झाली. यात माणसे बदलली, काम बदलले, वेतन बदलले आणि स्थानाचा दर्जाही घसरला, आणि यांतले कोणते आधी व कोणते नंतर हा वादाचा, म्हणजेच शिकवण्याजोगा प्रश्न आहे. दर्जाच्या प्रकरणात हे एक उदाहरण सविस्तर असते तर अर्पित आणि अर्जित यांच्या दोन स्तंभांतल्या तुलनेपेक्षा विद्यार्थ्याच्या हाती कितीतरी अधिक लागले असते.

प्रमाणकांच्या प्रकरणाबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण समाज कसा टिकतो आणि कसा बदलतो हे दोन्ही तिथे एकाच वेळी दिसते. दोन उदाहरणे शेजारी ठेवून शिकवावीत असे मला वाटते.

पहिले स्वीडनचे. त्या देशात वाहने रस्त्याच्या डावीकडून चालत असत, तर शेजारच्या नॉर्वे आणि फिनलंडमध्ये उजवीकडून. १९५५ मध्ये सार्वमत घेतले तेव्हा सुमारे ८३ टक्के मतदारांनी बदलाच्या विरोधात कौल दिला. तरीही १९६३ मध्ये संसदेने बदल मंजूर केला, आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे तो अमलात आला. रस्त्यावर असलेली थोडी वाहने पाचच्या आधी काही मिनिटे थांबली, सावकाश दुसऱ्या बाजूला गेली, पुन्हा थांबली, आणि पाच वाजता उजवीकडून चालू लागली. मोठ्या बहुमताने नाकारलेला नियम लोकांनी एका पहाटेत स्वीकारला. याचे कारण असे की या नियमात डावीकडून चालण्यात कोणाचा कायमचा लाभ गुंतलेला नव्हता. प्रत्येकाला एवढेच हवे होते की इतर सगळे ज्या बाजूने जातील त्याच बाजूने आपणही जावे. एकट्यादुकट्याने उजवीकडे जाणे म्हणजे अपघात. सगळ्यांनी एकाच क्षणी जाणे म्हणजे नवी रीत. प्रश्न फक्त तो क्षण सर्वांना ठाऊक करून देण्याचा होता, आणि राज्ययंत्रणेने तो सोडवला.

दुसरे उदाहरण चीनमधील मुलींचे पाय बांधण्याच्या प्रथेचे. सुमारे हजार वर्षे टिकलेली ही प्रथा. लहान मुलीची पावले घट्ट पट्ट्यांनी बांधून ती वाढू न देणे, बोटे तळव्याखाली मुडपून टाकणे, आणि हे सारे बहुधा तिच्या आईनेच करणे. सतराव्या शतकात मांचू राजवटीने बंदी घातली, पण काही वर्षांतच ती मागे घ्यावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रथा भक्कम होती. त्यानंतर जे झाले ते थक्क करणारे आहे. पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) दक्षिणेकडील डिंगशियन या ग्रामीण परगण्याची जी आकडेवारी उपलब्ध आहे, तिच्यानुसार १८८९ मध्ये बांधलेल्या पायांचे प्रमाण ९९ टक्के होते, १८९९ मध्ये ९४ टक्के आणि १९१९ पर्यंत शून्य. शतकानुशतके राजाज्ञेला न जुमानणारी रीत एका पिढीत नाहीशी झाली.

गेरी मॅकी या अभ्यासकाने १९९६ मध्ये याचे जे स्पष्टीकरण दिले, त्यात रचनेची सगळी कल्पना सामावलेली आहे. आईबापांना मुलीच्या वेदना दिसत नव्हत्या असे नाही. पण ज्या समाजात बांधलेल्या पायांशिवाय चांगले स्थळ मिळत नाही, तिथे एका कुटुंबाने पाय न बांधणे म्हणजे फक्त आपल्या मुलीचे लग्न धोक्यात घालणे. प्रत्येक कुटुंबाला प्रथा नकोशी असली तरीही प्रत्येक कुटुंब ती पाळत राहील, अशी ही कोंडी होती. ती फोडली प्रतिज्ञा-मंडळांनी. १८७४ मध्ये श्यामेन बंदरातील ख्रिस्ती कुटुंबांपासून आणि १८९० च्या दशकात चिनी सुधारकांच्या पुढाकाराने पसरत गेलेल्या या मंडळांचे सभासद दोन शपथा घेत: आपल्या मुलींचे पाय बांधणार नाही, आणि आपल्या मुलांची लग्ने पाय बांधलेल्या मुलींशी करणार नाही. दुसऱ्या शपथेत सगळे मर्म आहे. तिच्यामुळे न बांधलेल्या पायांच्या मुलींना स्थळे निर्माण झाली, म्हणजेच मने वळवण्याबरोबर विवाहसंबंधांची जाळीच नव्याने विणली गेली. उपदेश पूर्वीही झाला असेल. स्थळांची हमी पूर्वी कोणी दिली नव्हती.

हे स्पष्टीकरण सर्वमान्य आहे असे मात्र विद्यार्थ्यांना सांगू नये. लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स यांनी वृद्ध ग्रामीण स्त्रियांच्या मुलाखतींच्या आधारे वेगळा मुद्दा मांडला आहे. पाय बांधलेली मुलगी घरी एका जागी बसून सूत कातत असे, विणत असे, आणि तिच्या श्रमाला मोल होते; गिरणीचे सूत आल्यावर या हातकामाचे मोल गेले आणि प्रथेचा आर्थिक पाया खचला. मला स्वतःला ही दोन्ही स्पष्टीकरणे एकमेकांना पूरक वाटतात, पण माझे मत इथे महत्त्वाचे नाही. विवाहसंबंध, श्रमाची विभागणी, घरातील सत्ता आणि बाजारपेठ हे सगळे एका बांधलेल्या पावलात कसे एकत्र आले होते आणि त्यातला कोणता धागा तुटल्यावर बाकीचे सुटले, असा वाद वर्गात रंगला, तर विद्यार्थी समाजशास्त्र करू लागले असे मी म्हणेन. प्रमाणकांची व्याख्या, लोकरीती (रोजचे साधे रिवाज) आणि लोकनीती (मोडल्यास समाज कठोरपणे दटावतो असे नियम) यांतला फरक, औपचारिक आणि अनौपचारिक नियंत्रण हे सर्व त्या वादात आपोआप येते.

स्तरीकरणाच्या प्रकरणात आपण जे करतो त्याबद्दल माझी तक्रार अधिक तीव्र आहे. किंग्जले डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांनी १९४५ मध्ये असे प्रतिपादन केले की महत्त्वाच्या स्थानांवर योग्य माणसे यावीत म्हणून समाज त्या स्थानांना अधिक मोबदला देतो, आणि म्हणून विषमता ही सर्वत्र आढळते व आवश्यक असते. मेल्विन ट्यूमिनने १९५३ मध्ये त्यावर मूलभूत आक्षेप घेतले. कोणते स्थान महत्त्वाचे हे ठरवायचे कोणी, आणि जिथे विषमता आधीच आहे तिथे गुणवान माणसांचा शोध घ्यायला वावच कुठे राहतो, कारण गुण फुलण्याची संधीच आईबापांच्या स्थानावर अवलंबून असते, असे त्याचे म्हणणे. कित्येक पुस्तकांत पहिला सिद्धांत दोन पाने असतो आणि दुसरा दोन ओळी. विषमतेचे समर्थन सविस्तर आणि तिची चिकित्सा त्रोटक, असा हा हिशेब आपण हेतुपुरस्सर ठेवला नसेल, पण त्याचा परिणाम विद्यार्थ्यांवर व्हायचा तो होतोच. स्तरीकरण ही कोणीतरी रोज राखलेली व्यवस्था आहे, वारसाहक्काने, शिक्षणाच्या फीने, ओळखीपाळखीने, कोणाकडे जेवायला जायचे आणि कोणाशी सोयरीक करायची या निर्णयांनी, हे त्या दोन पानांतून कळत नाही. मार्क्सने वर्गाचा पाया उत्पादनसाधनांच्या मालकीत शोधला, माक्स वेबरने त्याला प्रतिष्ठा आणि पक्ष यांची जोड दिली. दोघांचाही रोख सत्ता आणि संधी कशा अडवून धरल्या जातात याकडे होता. अडवून धरणे ही क्रिया आहे, आणि ती कोणीतरी करत असते.

याच प्रकरणात आणखी एक गोंधळ आपण दूर करत नाही. एका माणसाचे वर चढणे आणि पायऱ्यांची रचना बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरिबाघरचा एक मुलगा न्यायाधीश झाला, याला विद्यार्थी हमखास सामाजिक परिवर्तन म्हणतात. ती व्यक्तीची गतिशीलता झाली. न्यायाधीशाची जागा, तिचे अधिकार, तिच्या खालच्या जागा आणि त्या जागांपर्यंत पोहोचण्याच्या वाटा जशाच्या तशा असतील, तर रचना बदललेली नाही. उलट अशी एकदोन उदाहरणे समोर असल्यामुळे ती अधिक न्याय्य वाटू लागते आणि अधिक टिकते. याउलट शेतीतील जागा घटून कारखान्यांत आणि कचेऱ्यांत जागा वाढल्या, तर कोणीही विशेष पराक्रम न करता लाखो माणसांचे स्थान त्यांच्या आईवडिलांपेक्षा वेगळे होते, आणि हे रचनेतले परिवर्तन आहे. सी. राइट मिल्सने १९५९ मध्ये बेकारीचे उदाहरण दिले होते. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल तर त्याचा स्वभाव, कौशल्य आणि त्याला मिळालेल्या संधी तपासाव्यात. पण पाच कोटी कामकऱ्यांच्या राष्ट्रात दीड कोटी बेकार असतील, तर उत्तर एकेका माणसात शोधून सापडणार नाही. हे उदाहरण बहुतेक पुस्तकांत पहिल्या प्रकरणात येते आणि तिथेच राहते. ते स्तरीकरणाच्या प्रकरणात पुन्हा आले पाहिजे.

आता त्या शेवटच्या प्रकरणाकडे वळते. तिथे विल्यम ऑगबर्नचा सांस्कृतिक पश्चायनाचा सिद्धांत हमखास असतो. १९२२ मध्ये त्याने मांडले की भौतिक संस्कृती वेगाने बदलते आणि तिच्याशी जुळवून घेणारे कायदे, रूढी व संस्था मागे रेंगाळतात. त्याचे गाजलेले उदाहरण औद्योगिक अपघातांच्या भरपाईचे. यंत्रांमुळे कामगार जायबंदी होऊ लागले, पण कायदा हस्तव्यवसायाच्या काळातलाच राहिला. कामगाराची किंवा त्याच्या सहकाऱ्याची थोडीशी चूक दाखवता आली की मालक सुटत असे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी भरपाईचे कायदे केले ते १९११ ते १९२० या दशकात. सिद्धांत इथपर्यंत सांगून आपण थांबतो. पण थोडे पुढे जाऊन पाहिले तर दिसते की जर्मनीत अपघात विम्याचा कायदा १८८४ मध्ये झाला आणि ब्रिटनमध्ये भरपाईचा कायदा १८९७ मध्ये. यंत्रे सगळीकडे सारखीच होती. मग एका देशात कायदा यंत्रांच्या जवळपास पाठोपाठ आला आणि दुसऱ्या देशात एक पिढी उशिरा, असे का झाले? उत्तर यंत्रांत नाही. कामगार चळवळ किती बलवान होती, तिचे भय सत्ताधाऱ्यांना किती वाटत होते, न्यायालये कोणाच्या बाजूने झुकलेली होती, कायदे करण्याचा अधिकार एका केंद्राकडे होता की अनेक राज्यांत विभागलेला होता, यांत ते आहे. म्हणजेच परिवर्तनाचा वेग आणि दिशा ठरवते ती रचना. रेंगाळणे हा शब्द ऐकला की वाटते कोणाच्याच हातात नसलेला उशीर झाला. प्रत्यक्षात त्या प्रत्येक वर्षाच्या उशिराने कोणाचा तरी खर्च वाचत होता आणि कोणाचा तरी हात गेलेला होता. तंत्रज्ञान हा परिवर्तनाचा घटक, एवढेच लिहून पूर्ण गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला आपण यातले काहीच विचारलेले नसते.

एमिल द्युर्केमला आपण रचनेच्या प्रकरणात सामाजिक तथ्यांसाठी, म्हणजे व्यक्तीच्या बाहेर असून तिच्यावर बंधन घालणाऱ्या रीतींसाठी, बोलावतो आणि परिवर्तनाच्या प्रकरणात विसरतो, हेही मला खटकते. त्याचा १८९३ चा श्रमविभागणीवरील ग्रंथ दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो. लोकसंख्या वाढली, माणसांचे परस्परसंबंध दाट झाले, स्पर्धा तीव्र झाली, आणि तिच्यातून वाट म्हणून माणसे वेगवेगळ्या कामांत विशेष प्रावीण्य मिळवू लागली. मग सारखेपणावर उभे असलेले यांत्रिक ऐक्य मागे पडून परस्परावलंबनावर उभे असलेले सेंद्रिय ऐक्य आले. इथे परिवर्तनाचे कारण संबंधांच्या दाटीत, म्हणजे रचनेच्या आतच आहे. चारच वर्षांनी आत्महत्यांच्या आकडेवारीचा अभ्यास करताना त्याने दाखवले की आर्थिक अरिष्टातच नव्हे, तर अचानक आलेल्या भरभराटीतही आत्महत्या वाढतात, कारण दोन्ही वेळी माणसाच्या अपेक्षांना मर्यादा घालणारी प्रमाणके सैल पडतात. रचना माणसाच्या अगदी खाजगी निर्णयापर्यंत कशी पोहोचते आणि ती हलली की तो निर्णय कसा हलतो, हे यापेक्षा अधिक प्रभावीपणे कोणी सांगितले आहे असे मला वाटत नाही. त्या मानाने सर्व समाज एकाच जिन्याच्या पायऱ्या चढत जातात असे सांगणाऱ्या जुन्या उत्क्रांतिवादी मांडणीला चार ओळी पुरेत. तिचे महत्त्व आता इतिहासापुरते आहे.

या सगळ्यामागचा माझा मुख्य मुद्दा असा की स्थैर्याचेही स्पष्टीकरण द्यावे लागते. आपली पुस्तके बदलाचे कारण विचारतात, पण न बदलण्याचे कारण विचारत नाहीत, जणू न बदलणे आपोआप होते. हॅरल्ड गार्फिंकल या समाजशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले होते की स्वतःच्या घरी पंधरा मिनिटे ते तासभर भाडेकरूसारखे वागा: अदबीने, तुटकपणे, कोणी बोलल्याशिवाय स्वतःहून न बोलता. घरच्यांची धांदल उडाली. तू आजारी आहेस का, तुझे काय बिनसले आहे, हे काय चालवले आहेस, असे प्रश्न आले. कोणी चिडले, कोणी ओशाळले. मूल म्हणून असलेले स्थान मुलाच्या क्षणोक्षणीच्या वागण्यातून कसे राखले जाते आणि ते वागणे थांबताच इतर माणसे ते पूर्ववत करण्यासाठी किती झटतात, हे त्या थोड्या मिनिटांत दिसले. अँथनी गिडन्सने १९८४ मध्ये यालाच सिद्धांताचे रूप दिले: रचना माणसांच्या कृतींना आकार देते आणि त्याच कृतींतून ती पुन्हा निर्माण होते. भाषेचे असेच असते. व्याकरण बोलणाऱ्याला बांधून ठेवते, पण कोणी बोललेच नाही तर व्याकरण उरत नाही, आणि कोट्यवधी माणसे रोज बोलत असतात म्हणूनच ते पिढ्यापिढ्यांत नकळत पालटत जाते. विद्यार्थ्याला एकदा हे उमगले की रचना आणि परिवर्तन अशी दोन प्रकरणे कशाला, हा प्रश्न तो स्वतःच विचारतो.

यावर काही सन्माननीय सदस्य म्हणतील की नवशिक्याला आधी स्थिर चित्र दाखवावे लागते, हालचाल नंतर. या आक्षेपात तथ्य आहे, आणि संकल्पना एकेक करून शिकवाव्या लागतात हे मलाही मान्य आहे. परंतु संकल्पना एकेक करून शिकवणे आणि काळ वगळून शिकवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपला विद्यार्थी ज्या समाजातून वर्गात येतो, तिथे आजीचे आयुष्य, आईचे आयुष्य आणि त्याचे स्वतःचे आयुष्य यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बदल त्याला परिचित आहे. अनोळखी आहे ती रचना. मग परिचितापासून अनोळखीकडे जाणे, म्हणजे एखादे काळानुसार पालटलेले नाते समोर ठेवून त्यातले स्थान, भूमिका आणि प्रमाणक शोधायला लावणे, हाच अध्यापनाचा सोपा मार्ग नव्हे का?

म्हणून माझी विनंती अशी आहे की परिवर्तनाचे स्वतंत्र प्रकरण काढून टाकावे आणि त्यातील आशय आधीच्या प्रकरणांत वाटून द्यावा. दर्जा व भूमिका शिकवताना एखाद्या व्यवसायाचा इतिहास यावा, प्रमाणकांत एखाद्या प्रथेचा अंत यावा, स्तरीकरणात ट्यूमिनला डेव्हिस आणि मूर यांच्याइतकीच जागा मिळावी आणि व्यक्तीची गतिशीलता व रचनेतील बदल यांतला फरक स्पष्ट व्हावा. द्युर्केमची श्रमविभागणी शेवटी न ठेवता संस्थांच्या प्रकरणाआधी यावी. घटकांच्या याद्या पूर्णपणे वगळाव्यात. प्रत्येक प्रकरणात किमान एक तक्ता असा असावा की ज्यात एकाच गोष्टीची निरनिराळ्या काळातली आकडेवारी आहे आणि विद्यार्थ्याला तो वाचून कारणे मांडायची आहेत; डिंगशियनचे तीन आकडे यासाठी पुरेसे आहेत.

हे सर्व प्रश्नपत्रिका बदलल्याशिवाय होणार नाही, हे मी जाणते, कारण वर्गात शेवटी तेच शिकवले जाते जे परीक्षेत विचारले जाते. 'सामाजिक परिवर्तनाची वैशिष्ट्ये सांगा' या प्रश्नाऐवजी 'एखादी प्रथा बहुसंख्य लोकांना नकोशी असूनही का टिकू शकते, ते एका उदाहरणाने स्पष्ट करा' असा प्रश्न विचारता येईल. 'संस्थेची कार्ये लिहा' याऐवजी 'या संस्थेत कोणी काय करणे थांबवले तर ती कोलमडेल' असे विचारता येईल. अशा प्रश्नांची उत्तरे तपासणे अधिक वेळखाऊ आहे, आणि परीक्षकांना त्यासाठी गुणदानाची नवी चौकट लागेल. ती चौकट आणि नमुना प्रश्नसंच तयार करण्याच्या कामात कोणत्याही मोबदल्याशिवाय भाग घेण्याची माझी तयारी आहे, आणि हा विषय शिकवणारे इतर अनेक शिक्षकही पुढे येतील असा मला विश्वास आहे. अभ्यासक्रमाच्या पुढील फेररचनेच्या बैठकीत या पत्रातील मागण्यांचा विचार व्हावा आणि निर्णय काहीही झाला तरी त्याची कारणे शिक्षकांना लेखी कळवावीत, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
प्रथम वर्षाला समाजशास्त्र शिकवणारी एक शिक्षिका